पन्नाशीचे मुरूम आणि चार दिवसांत गुण देणारी ट्यूब

प्रश्न : डॉक्टरबाई, मी ४९ वर्षांची, मंगळवार पेठेत राहते. गेले पाच महिने पाळी आलेली नाही. त्याआधी वर्षभर कधी वीस दिवसांनी यायची, तर कधी अडीच महिन्यांनी. कॉलेजात असताना मला कधी एक फोड आला नव्हता. आता हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेला दुखऱ्या गाठी उठतात, एक बसली की दुसरी. गाल मात्र कोरडे, पापुद्रे निघतात. हनुवटीवर चार राठ केसही आलेत. रात्री अंगातून वाफा निघतात. जाऊबाई म्हणतात, उष्णता आहे, रोज शहाळं पी. मुलीनं ऑनलाइन व्हिटॅमिन सी आणि रेटिनॉल अशी दोन सीरम मागवून दिलीत. पार्लरवालीनं एका ट्यूबचं नाव सांगितलं, ती मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळाली. चार दिवसांत चेहरा लख्ख! पण बंद केली की दुप्पट उठतं, म्हणून सहा महिने लावतेच आहे. हल्ली उन्हात गेलं की चेहरा लालबुंद होतो, आग होते. वैशाखात थोरलीचं लग्न आहे, तीन महिने राहिलेत. मिस्टर म्हणतात, आता या वयात कुणाला दाखवायचंय? बीपीची गोळी सुरू आहे. तांबडा रस्सा बंद करू का? ता. क. हळदीच्या दिवशी तोंडाला हळद लावून घेतली तर चालेल का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर :

ताई,

मुलीच्या लग्नात आईच्या चेहऱ्याकडे कुणी बघत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा विहिणींच्या पंगतीत बसून यावं. मिस्टरांचं बोलणं कानाआड करा. कुणाला दाखवायचं असो वा नसो, गाठ ठणकायची ती ठणकतेच, आणि तिच्यावर औषध आहे.

पण औषधाच्या आधी ती ट्यूब. आज रात्री लावण्यापूर्वी तिच्या खोक्यावरचं बारीक अक्षर वाचा. दिसत नसेल तर मुलीला मोबाइलवर फोटो काढून मोठं करून वाचायला सांगा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी एक जरी नाव दिसलं तरी ते स्टिरॉइड आहे. सोबत एखादं अँटिबायोटिक, एखादं बुरशीवरचं औषध, नाहीतर हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन अशी भेळ असते. ‘चार दिवसांत लख्ख, बंद केलं की दुप्पट’ हे वाक्य दवाखान्यात इतक्यांदा ऐकलंय की खोकं न बघताही मी पैज लावायला तयार आहे.

स्टिरॉइड वाईट औषध नाही. इसब, सोरायसिस अशा आजारांत योग्य जागी, ठरावीक दिवस लावलं तर ते फार उपयोगाचं आहे. चेहऱ्यावर ते सूज दाबतं, रक्तवाहिन्या आकसतात, लाली जाते, रंगही उजळल्यासारखा दिसतो. म्हणून तर पार्लरपासून शेजारणीपर्यंत सगळ्यांचा त्यावर विश्वास बसतो. महिनोन्‌महिने लावलं की मात्र कातडी पातळ होते, गालावर बारीक लाल शिरा दिसायला लागतात, एकाच मापाचे बारीक फोड उठतात, लव वाढते आणि ऊन सहन होत नाही. तुमची उन्हातली आग यातूनच आली असणार. तुमच्या हनुवटीवरच्या केसांतला काही वाटाही कदाचित याच ट्यूबचा असेल. आपल्या देशात हे इतकं वाढलं की त्वचारोगतज्ज्ञांच्या अखिल भारतीय संघटनेला याविरुद्ध मोहीम काढावी लागली. केंद्र सरकारनं २०१८ साली अशी स्टिरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. तरीही तुम्हाला मिळाली. पार्लरवालीवर मी रागावत नाही, तिलाही कुणीतरी गुणकारी म्हणूनच सांगितलं असेल. काउंटरपलीकडून ट्यूब हातात ठेवणाऱ्याला मात्र नियम माहीत असतो.

तुमच्या वयात याचं नुकसान जास्त होतं, कारण कातडी आपली आपणच पातळ होत असते. पाळी गेल्यावर पहिल्या पाच वर्षांत त्वचेतलं सुमारे ३० टक्के कोलॅजन कमी होतं, पुढे दरवर्षी साधारण २ टक्के. त्यावर रोज रात्री स्टिरॉइड, म्हणजे उतरत्या कातडीला वरून आणखी धक्का.

आता लगेच ट्यूब खिडकीबाहेर फेकू नका. सहा महिन्यांची सवय एकाएकी तोडली तर आठ-पंधरा दिवसांत चेहरा भडकतो: लाली, खाज, फोड, सगळं एकदम. बायका घाबरतात आणि पुन्हा तिच्याकडेच वळतात. या आठवड्यातच त्वचारोगतज्ज्ञ गाठा आणि ट्यूब सोबत न्या. खासगी दवाखाना परवडत नसेल तर कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात त्वचेचा विभाग आहे, सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा. डॉक्टर ट्यूब थेट बंद करतील किंवा सौम्य मलमावर आणून दिवसाआड, मग दोन दिवसांआड असं उतरवत नेतील. मधल्या भडक्यासाठी टॅक्रोलिमस नावाचं स्टिरॉइड नसलेलं मलम किंवा काही आठवडे डॉक्सिसायक्लिनची गोळी देता येते. हा भडका काही आठवडे राहील हे आधीच गृहीत धरा.

खोक्यावर घटकांची नावंच नसतील, किंवा ट्यूबऐवजी नावगाव नसलेली डबी असेल, तर ती चेहऱ्याला अजिबात लावू नका. गोरं करणाऱ्या अशा क्रीममध्ये पारा सापडतो. केरळात मलप्पुरम जिल्ह्यात २०२३ साली अशा क्रीम वापरणाऱ्यांमध्ये मूत्रपिंडाचा आजार आढळला होता. डबी असेल तर तीसुद्धा डॉक्टरांना दाखवा.

मग मुळात हे मुरूम आले कुठून? पाळी सलग १२ महिने आली नाही की ती गेली असं म्हणतात. आपल्याकडे हे वय सरासरी ४६-४७ च्या आसपास येतं, युरोप-अमेरिकेत ५१ च्या. तुमचे पाचच महिने झालेत, म्हणजे तुम्ही अजून उंबऱ्यावर आहात. या काळात इस्ट्रोजेन वरखाली होत होत उतरतं. बायकांच्या शरीरात पुरुषी समजली जाणारी हार्मोन्सही थोडी असतातच, अंडाशयातून आणि मूत्रपिंडावरच्या ग्रंथींतून येणारी. ती उतरतात, पण सावकाश. शिवाय यकृतात तयार होणारं एक प्रथिन टेस्टोस्टेरोनला बांधून ठेवतं. इस्ट्रोजेन कमी झालं की हे प्रथिनही कमी होतं आणि मोकळ्या टेस्टोस्टेरोनचा वाटा वाढतो. ते वाढलंय अशातला भाग नाही. त्याला आवर घालणारं कुणी उरलेलं नसतं. त्याची हाक सगळ्यात आधी ऐकतात त्या हनुवटी, जबडा आणि मानेवरच्या तेलग्रंथी आणि तिथलीच केसांची मुळं. म्हणून गाठी तिथे, केसही तिथेच. इकडे इस्ट्रोजेनच्या जिवावर ओल धरून ठेवणारे गाल सुकतात. हनुवटीवर आषाढ आणि गालावर वैशाख, असा हा चेहरा असतो. कॉलेजच्या मुलींसाठीचे तेल ओढून घेणारे फेसवॉश तुम्हाला चालत नाहीत ते यामुळेच: हनुवटीवर गुण दोन आण्यांचा आणि गालांची सालपटं.

जाऊबाईंची उष्णता मी मोडीत काढणार नाही. रात्रीच्या वाफा खऱ्या असतात. मेंदूत शरीराचं तापमान सांभाळणारं जे केंद्र आहे, ते या काळात फार हळवं होतं. तापमानात जरा फरक पडला की त्याला वाटतं अंग तापलं, आणि ते घाम काढायला लागतं. पण त्या वाफांमुळे मुरूम येत नाहीत. दोघांचं मूळ एकच, इतकंच नातं.

शहाळ्याचं मात्र जरा थांबून बघायला हवं. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असतं. तुमची बीपीची गोळी कोणती हे तुम्ही लिहिलं नाही. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल अशांपैकी असेल तर त्या गोळ्याही रक्तातलं पोटॅशियम वाढवू शकतात. मूत्रपिंड ठणठणीत असेल तर एका शहाळ्यानं काही बिघडत नाही. पण या वयातल्या मुरुमांवर डॉक्टर पुष्कळदा स्पायरोनोलॅक्टोन नावाची गोळी देतात, आणि तीही पोटॅशियम वाढवते. बीपीची गोळी, ही गोळी आणि रोजचं शहाळं असं तिन्ही एकत्र आलं तर हृदयाच्या ठोक्यांचा खेळखंडोबा होऊ शकतो. म्हणून डॉक्टरांकडे जाताना बीपीच्या गोळीचं पाकीट न्या आणि शहाळ्याचं आपणहून सांगा. ते विचारायचे नाहीत, तुम्हीच सांगायचं. कमी सोडियमचं म्हणून मिळणारं मीठ वापरत असाल तर तेही सांगा, त्यात पोटॅशियमच असतं.

स्पायरोनोलॅक्टोन ही बीपी आणि सूज यांवरची जुनी गोळी आहे. पुरुषी हार्मोन जिथे जाऊन चिकटतं ती जागा ती अडवते, म्हणून हनुवटीवरच्या गाठींवर चांगली लागू पडते. गुण दिसायला तीनेक महिने लागतात. अधूनमधून रक्त तपासावं लागतं, पाळी आणखी मागेपुढे होऊ शकते. नाव कळलं म्हणून मेडिकलमध्ये जाऊन मागू नका. एका ट्यूबनं घातलेला गोंधळ पुरेसा आहे.

तांबडा रस्सा बंद करू नका. पांढराही बंद करायला नको. तिखटानं मुरूम येतात याला आधार नाही. मिरची, कढत चहा, चुलीपुढची धग यांनी वाफेची लाट येऊ शकते आणि गाल लाल होऊ शकतात, तेव्हा मिसळीवर कट किती ओतायचा ते तुमचं तुम्ही ठरवा. मुरुमांशी ज्यांचा संबंध थोडाफार दिसून आलाय ते पदार्थ निराळे: साखर, मैदा, रक्तातली साखर झटकन वाढवणारं खाणं, आणि काही जणींच्या बाबतीत दूध. गंगावेशीतल्या कट्ट्यावर उभं राहून धारोष्ण दूध पिणाऱ्या गावात हे लिहायचं म्हणजे धाडसच, पण महिनाभर दूध कमी करून फरक पडतो का ते बघायला हरकत नाही. फरक नाही पडला तर प्या खुशाल. आणि गुळाबद्दल: गूळ कोल्हापूरचा असला तरी रक्तात गेल्यावर साखरच. चहात साखरेऐवजी गूळ घातला म्हणून चेहऱ्याला काही कळत नाही. मानेची मागची बाजू काळी, मखमलीसारखी जाड झाली असेल तर मात्र एचबीए१सी, म्हणजे गेल्या काही महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी, करून घ्या. शरीर इन्शुलिनला दाद देत नसल्याची ती खूण असते, आणि इन्शुलिन चढं राहिलं की मुरूमही वाढतात.

आता चेहऱ्याला रोज काय लावायचं. ट्यूब उतरत असताना फक्त तीन वस्तू, चौथी नाही. साबणाच्या वडीऐवजी फेस न करणारं सौम्य क्लिन्झर, कारण त्वचा किंचित आम्लधर्मी असते आणि साध्या साबणानं ती आणखी कोरडी पडते. बंबातलं कढत पाणी पाठीला बरं वाटतं, तोंडाला कोमट घ्या. तोंड ओलसर असतानाच सेरामाइड किंवा ग्लिसरिन असलेलं मॉइश्चरायझर, दोन्ही वेळा. मुरूम असताना मॉइश्चरायझर कसं लावू असं प्रत्येक जण विचारते. तेलग्रंथी तुंबवणार नाही असं लिहिलेलं घ्यायचं, म्हणजे झालं. आणि सकाळी सनस्क्रीन, एसपीएफ ३० किंवा वरचं, तर्जनी आणि मधलं बोट भरून तोंड आणि मानेसाठी. वाटाण्याएवढं लावलं तर डबीवर लिहिलेल्या आकड्याला काही अर्थ राहत नाही. आपल्या सावळ्या कातडीवर मुरूम बसतो पंधरा दिवसांत, त्याचा डाग मात्र महिनोन्‌महिने मुक्काम करतो, आणि ऊन त्याला आणखी गडद करतं. आग होत असेल तर झिंक ऑक्साइडचं घ्या. डाग बरेच असतील तर रंग असलेलं, म्हणजे आयर्न ऑक्साइड घातलेलं, जास्त कामाचं.

गाडीवरून जाताना बांधायचा स्कार्फ सुती घ्या आणि रोज धुवा. आठवडाभर तोच घामट स्कार्फ जबड्यावर आवळून बांधायचा आणि मुरूम जबड्यावरच का येतात असं विचारायचं, हेही मी बघते.

मुलीनं दिलेली सीरम सध्या कपाटात राहू द्या. तिनं प्रेमानं आणलीत, पण सोललेल्या चेहऱ्यावर व्हिटॅमिन सी आणि रेटिनॉल झोंबल्याशिवाय राहणार नाहीत. लिंबू, टूथपेस्ट, खायचा सोडा चेहऱ्यापासून लांब. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं तर काळे चट्टे पडतात. खोबरेल तेल हातापायांना उत्तम, चेहऱ्यावर छिद्रं बुजवतं. डाळीचं पीठ घासून मळ काढायची सवय असेल तर ती मोडा. या कातडीला घासलेलं काही सोसत नाही.

चेहरा शांत झाला की मग मुरुमांचं खरं औषध. तुमच्यासारखीला मी बहुधा अझेलाइक ॲसिडपासून सुरुवात करते, १० ते २० टक्क्यांचं. ते मुरुमांवर चालतं, डागांवर चालतं, आणि गालांची लाली रोसेशिया निघाली तर त्यावरही चालतं. रोसेशिया म्हणजे गाल-नाक लाल होऊन बारीक फोड येणारा आजार. मुरुमांत काळ्या डोक्याच्या कणी दिसतात, यात दिसत नाहीत, आणि आपल्या रंगावर तो सहज नजरेतून निसटतो. दुसरं औषध ॲडापलीन, ०.१ टक्क्याचं जेल. रात्री, कोरड्या चेहऱ्यावर, सगळ्या तोंडासाठी वाटाण्याएवढं, आधी दोन दिवसांआड. गुण यायला ८ ते १२ आठवडे. पहिल्या महिन्यात थोडं वाढल्यासारखंही वाटतं. हनुवटीपुरतं २.५ टक्के बेंझॉइल पेरॉक्साइडही चालतं, पण ते कपड्याचा रंग खातं: टॉवेल, उशीचा अभ्रा, साडीचा पदर, सगळ्यावर पांढरे डाग. लग्नाच्या शालूजवळ ते नकोच. क्लिंडामायसिनचं जेल एकटंच महिनोन्‌महिने लावू नये, जंतू निर्ढावतात.

गाठी फारच खोल असतील तर आयसोट्रेटिनॉइन या पोटात घ्यायच्या औषधाचा विषय निघेल. तेव्हा एक गोष्ट स्पष्ट बोलायची, लाजायचं नाही. पाच महिने पाळी नाही म्हणजे दिवस जाणारच नाहीत असं नसतं. पन्नाशीच्या आत पाळी थांबली तर पुढची दोन वर्षं आणि पन्नाशीनंतर थांबली तर एक वर्ष गर्भनिरोधन चालू ठेवायचं असतं. आयसोट्रेटिनॉइनच्या काळात गर्भ राहिला तर त्यात गंभीर व्यंग येण्याचा मोठा धोका असतो. स्पायरोनोलॅक्टोन आणि ॲडापलीनही गरोदरपणात चालत नाहीत. लेकीच्या लग्नाच्या वर्षी कसलं हे बोलणं असं वाटेल, पण अशा बायका दवाखान्यात येतात.

‘हार्मोन्सचं पॅकेज’ म्हणून लॅबवाले भली मोठी यादी देतात, ती करत बसू नका. पंचेचाळिशीनंतर पाळी अशी मागेपुढे व्हायला लागली की ती जायला आलीय हे लक्षणांवरूनच कळतं, त्यासाठी एफएसएच या हार्मोनच्या तपासणीची गरज नसते. थायरॉइड बघून घेणं बरं, कारण कोरडी कातडी, थकवा आणि वाढतं वजन हे त्याचंही चित्र असतं. टेस्टोस्टेरोन तपासायचं ते एका प्रसंगी: दाढी-मिशीसारखे केस दोन-चार महिन्यांत भराभर वाढले, आवाज घोगरा झाला, डोक्यावरचे केस पुरुषांसारखे मागे हटले तर. ते पाळी जाण्यानं होत नाही, अंडाशयात किंवा मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत गाठ आहे का ते पाहावं लागतं. तुमचे चार राठ केस यात बसत नाहीत. ताकदीसाठी बी१२ ची इंजेक्शनं सुरू असतील तर सांगा, त्यांनीही मुरूम उठतात. पावसाळ्यात पाठीवर-कपाळावर एकसारखे खाजरे फोड आले तर ती बहुतेक वेळा बुरशी असते. महिना उलटूनही न भरणारी, खपली धरून पुन्हा रक्त येणारी पुळी दिसली तर ती मुरूम समजून सोडून देऊ नका.

रात्रीच्या वाफांनी झोप मोडत असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटा. हार्मोन थेरपी त्यासाठी असते, मुरुमांसाठी ती कुणी देत नाही; काही प्रोजेस्टेरॉनांनी मुरूम वाढतातही. स्तनाचा कर्करोग किंवा रक्ताच्या गुठळ्या झाल्या असतील तर ते आधी सांगायचं. आणि वर्षभर पाळी बंद राहून नंतर एक थेंब जरी रक्त दिसलं, तरी ते लग्नाच्या गडबडीत पुढे ढकलायचं नाही.

लग्नाचं गणित आता सरळ मांडते. तीन महिन्यांतला पहिला महिना-दीड महिना ट्यूब सोडवण्यात जाईल. उरलेल्या वेळात नव्या गाठी कमी होतील, चेहरा नितळ होईल असं वचन मी देत नाही. डाग मेकअपखाली झाकतात. मेकअपवालीला एकदा आधी बोलावून तुमच्या कातडीला काय सोसतं ते बघून घ्या. शेवटच्या महिन्यात नवीन औषध, नवीन क्रीम काही नाही. फेशियल, ब्लीच, पील तर पूर्ण बंद. पातळ कातडीवर ब्लीच भाजतं आणि त्याचा डाग अल्बममध्ये कायमचा राहतो. ऐन आठवड्यात एखादी मोठी गाठ आलीच तर फोडू नका. त्वचारोगतज्ज्ञ त्या गाठीत अगदी थोडं स्टिरॉइडचं इंजेक्शन देतात, दोन-तीन दिवसांत बसते. हो, स्टिरॉइडच. जागच्या जागी, मोजून आणि एकदाच. क्वचित तिथे बारीक खळगा पडतो, म्हणून ते लग्नाच्या आदल्या दिवसावर ठेवू नका.

हनुवटीचे केस चिमट्यानं काढा, थ्रेडिंग करा किंवा कापा, कापल्यानं ते जाड होत नाहीत. ॲडापलीन चालू असताना वॅक्सिंग नको, सालपट निघतं. लेझर काळ्या केसांवर चालतं, पांढऱ्यांवर नाही, आणि हार्मोनचे केस असल्यानं पुन्हा बसावं लागतं.

हळदीला पोरी तोंडाला फासणारच, तुम्ही अडवून थांबायच्या नाहीत. घरची साधी हळद असू द्या, बाजारातल्या पाकिटात रंग आणि सुगंध मिसळलेला असतो. वर अत्तर-गुलाबपाणी ओतू नका. चारेक दिवस आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडी लावून बघा, खाज आली तर फक्त हातापायांवर घ्या. ॲडापलीन त्याआधी आठवडाभर बंद ठेवा. हळद लागल्यावर अर्ध्या तासानं न घासता धुवा, आणि राहिलेला पिवळेपणा घालवायला म्हणून दुसऱ्या कुणाची ट्यूब मागून लावू नका.